अनुभव धागा : मुलांना वचन कसं शिकवलंत?

माझा मुलगा दुसरीत आहे. परवा 'वचन बदला'च्या गृहपाठात त्यानं 'भिंत – भिंता' लिहिलं. 'वीट – विटा' होतं ना, मग? मला पटकन उत्तर सुचलं नाही. दोन्ही शब्द अकारान्त, दोन्ही स्त्रीलिंगी, तरी वाटा वेगळ्या. वर्गात किंवा घरी हे शिकवलं असेल त्यांनी अनुभव जरूर लिहा.

*

जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते. भिंती आणि विटा कान तयार झाल्यावरच जमतात, त्यामुळे तक्ता पाठ करून घेणं मी सोडून दिलं. आधी तो-ती-ते पक्कं करते. वस्तू हातात घ्यायची आणि मोठ्यानं म्हणायचं : हा आंबा, हे आंबे, ही काठी, ह्या काठ्या, हे पान, ही पानं. लिंग चुकलं की वचन चुकणारच.

एकदा डब्यात लाडू होते. 'हा लाडू, हे लाडू.' एक मुलगा म्हणाला, "बाई, लाडू बदललाच नाही, नुसतं 'हा'चं 'हे' झालं!" मग अख्खा वर्ग न बदलणारे शब्द शोधायला लागला. उंदीर, दगड, शाळा, बाजू, मामा. फळा भरला. त्या दिवशी मी काहीच शिकवलं नाही, फक्त लिहून घेतलं.

*

धारणी तालुक्यात सहा वर्षं होतो. मुलांची घरची भाषा कोरकू. मी फळ्यावर एक बैल काढला, शेजारी चार काढले. पहिलीतली एक मुलगी उठून विचारते, "गुरुजी, दोन असले तर?" मला वाटलं, हिला समजलेलं नाही. नंतर गावातल्या एका आजोबांनी सांगितलं, कोरकूत दोनासाठी वेगळं रूप असतं. एकवचन, द्विवचन, अनेकवचन. 'कोरकू' हे नावसुद्धा अनेकवचनच : 'कोर' म्हणजे माणूस, 'कू' लागलं की माणसं. समजलं नव्हतं ते मला. त्यानंतर फळ्याच्या डाव्या बाजूला कोरकू शब्द आणि उजवीकडे मराठी, असंच लिहीत गेलो. मुलं बोलायला लागली.

*

मुंबईत इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. 2020 च्या कायद्यानं सगळ्याच शाळांत मराठी आली आणि माझ्या वर्गात गुजराती, तमिळ घरांतली मुलं बसायला लागली. 'चपातीज', 'बाटलीज' रोज ऐकते. मी चूक म्हणत नाही, फक्त माझ्या वाक्यात 'चपात्या', 'बाटल्या' घालून उत्तर देते. दिवाळीपर्यंत बरीचशी रूपं आपोआप बसतात. 'पेन्सिली' मात्र कुणी म्हणत नाही, आणि मी आग्रहही धरत नाही.

*

नातवाला रोज गोष्ट वाचून घेतो. एकदा तो अडला. "आजोबा, आपण झाडं म्हणतो, पुस्तकात झाडे का?" त्याला सांगितलं, बोलताना आपण 'झाडं' म्हणतो, पुस्तकात बहुतेक वेळा मात्रा देतात, दोन्ही बरोबर.

तेव्हापासून तो टिंबं शोधतो. 'झाडाला' आणि 'झाडांना'. 'मुलाचा खाऊ' आणि 'मुलांचा खाऊ'. काल बोट ठेवून म्हणाला, "हा खाऊ सगळ्यांचा आहे, टिंब आहे बघा."