दोन भागांची कोरियन प्रेमकथा: 'स्प्लॅश स्प्लॅश लव्ह' धीर देते की समजूत काढते?

अनाहूता

कोरियन मालिका म्हटली की सोळा भागांची तयारी ठेवावी लागते, आणि त्यातले निदान चार भाग गैरसमज वाढवण्यात खर्ची पडतात. एमबीसी वाहिनीने डिसेंबर २०१५ मध्ये दाखवलेली 'स्प्लॅश स्प्लॅश लव्ह' मात्र दोनच भागांत संपते. दान-बी ही शाळेच्या शेवटच्या वर्षात शिकणारी मुलगी गणिताचा नाद केव्हाच सोडून बसलेली आहे. विद्यापीठ प्रवेशाच्या 'सुनुंग' परीक्षेच्या दिवशी ती पळ काढते, पावसाच्या डबक्यात उडी मारते आणि थेट पंधराव्या शतकातील कोरियाच्या जोसन राजवटीत जाऊन पडते. तेथे दुष्काळ पडलेला असून पावसासाठी विधी चालू आहे आणि समोर तरुण राजा यी दो, म्हणजेच इतिहासातील सेजोंग, उभा आहे. राजवाड्यात तिला खोजा समजले जाते आणि गणितात नापास होणारी ही मुलगी पुढे राजालाच गणित शिकवू लागते.

माझे मत असे की, या मालिकेतील प्रेम पटते ते तिच्या लांबीमुळे आणि गणितामुळे. दान-बीला जे थोडेफार येते ते आजवर फक्त गुणांच्या तराजूत तोलले गेले होते. ते कोणीतरी आपणहून, कुतूहलाने, पुढे काय असे विचारत शिकून घेण्याचा अनुभव तिला प्रथमच राजाकडून मिळतो आणि त्यातूनच तिचे प्रेम उमलते. दान-बी साकारणारी किम सुल-गी ही विनोदी भूमिकांमधून पुढे आलेली अभिनेत्री असल्यामुळे हा बदल ती भाबडेपणाकडे झुकू न देता दाखवते. हाच विषय सोळा भागांत पसरला असता, तर गणित पहिल्या तीन भागांतच गळाले असते आणि मागे केवळ राजवाड्यातील कारस्थाने उरली असती.

तर्कटराव

अभिनयाबद्दल दुमत नाही, परंतु मालिकेने जो प्रश्न उपस्थित केला त्याचे उत्तर न देताच ती संपते, हा माझा मूळ आक्षेप आहे. सुनुंग ही काही साधी परीक्षा नव्हे. नोव्हेंबरमधील त्या एका दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पेपर चालतात. इंग्रजीच्या श्रवण चाचणीच्या वेळी देशभरातील विमानांची उड्डाणे आणि उतरणे थांबवली जातात, शेअर बाजार तासभर उशिरा उघडतो आणि उशीर झालेल्या मुलांना पोलीस मोटारसायकलवरून केंद्रावर पोहोचवतात. घरचे लोक आदल्या दिवशी चिकट मिठाई खाऊ घालतात, कारण ती चिकटली म्हणजे जागाही चिकटून मिळेल अशी समजूत आहे, आणि समुद्री शेवाळाचे सूप मात्र निसरडे म्हणून वर्ज्य ठरते. संपूर्ण देश ज्या परीक्षेसाठी श्वास रोखून बसतो, तिच्यापासून एक मुलगी पळून जाते, ही विलक्षण धाडसी सुरुवात आहे.

पुढे काय होते? एका राजाचे प्रेम लाभते, आत्मविश्वास मिळतो आणि ती आपल्या काळात परत येते. परीक्षा जागच्या जागी राहते, बदल फक्त मुलीत होतो. व्यवस्थेने पिचलेल्या मुलीला 'तूच थोडी खंबीर हो' असे सांगण्याचा हा गोड प्रकार आहे, आणि तो गोड आहे म्हणूनच मला अधिक खटकतो.

शेवंती

तर्कटराव, दोन भागांच्या प्रेमकथेने शिक्षणव्यवस्था बदलावी ही अपेक्षा अवाजवी वाटते. ज्यांच्या घरात लातूर पॅटर्नचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले असते, त्यांना ठाऊक आहे की व्यवस्था बदलेपर्यंत मुलाला उद्याचा दिवस काढायचाच असतो. त्या उद्यासाठी कोणी धीर देत असेल, तर त्याला समजूत काढणे म्हणून हिणवू नये.

जुना बखरकार

माझी हरकत निराळी आहे आणि ती इतिहासाकडून येते. सेजोंग (राज्यकाल १४१८ ते १४५०) हा गणितासाठी भविष्यातून कोणी येण्याची वाट पाहत बसलेला राजा नव्हता. १४३० मध्ये तो स्वतः चिनी गणितग्रंथाचा अभ्यास करत होता आणि जोंग इन-जी हा विद्वान त्याच्या शंकांचे निरसन करत असे, अशी नोंद राजवंशाच्या इतिवृत्तात आहे. त्याच्याच दरबारात जांग यंग-शिल होता. सरकारी गुलामाच्या कुळात जन्मलेल्या या माणसाला राजाने जातिव्यवस्थेचा विरोध पत्करून वर आणले. १४३४ मध्ये त्याने आपोआप वेळ सांगणारे जलघड्याळ बांधले आणि १४४२ मध्ये, त्याच्या देखरेखीखाली तयार झालेली राजाची पालखी मोडली म्हणून, त्याला फटक्यांची शिक्षा होऊन पदावरून काढण्यात आले. त्यानंतर तो नोंदींतून नाहीसा होतो. पर्जन्यमापकाची कल्पना १४४१ मधील असून तिचे श्रेय युवराजाकडे जाते. दुष्काळाशी झगडणाऱ्या राज्याने पाऊस मोजायला सुरुवात करावी आणि त्या मोजमापाची भांडी प्रांतोप्रांती पाठवावीत, ही घटना कोणत्याही जादूच्या डबक्यापेक्षा अधिक रोमांचक आहे.

अशा माणसांच्या जागी मालिका भविष्यातून आलेली मुलगी उभी करते. तिला पाढे ठाऊक आहेत ते ती पाचशे वर्षांनंतर जन्मली म्हणून, यात तिचे कर्तृत्व कोणते?

अनाहूता

बखरकार, आपण दिलेली माहितीच माझ्या बाजूने बोलते. जांग यंग-शिलचे नोंदींतून नाहीसे होणे ही कल्पनारम्य कथेसाठी उघडी राहिलेली खिडकी आहे, आणि तेथून कथाकाराने आत शिरणे म्हणजे इतिहास खोडणे नव्हे. शिवाय आपण विचारलेल्या कर्तृत्वाच्या प्रश्नाचे उत्तर मालिका देते, असे मला वाटते. दान-बीचे ज्ञान उसने आहे, हे खरे. मात्र ते दुसऱ्याला समजावून सांगताना तिला ते प्रथमच स्वतःला समजते. ज्याने कधी धाकट्या भावंडाची शिकवणी घेतली आहे, त्याला हा अनुभव परका नाही.

तर्कटरावांना एवढेच सांगेन की राजाचीही परीक्षा चालूच आहे. पाऊस पडत नाही याचा दोष त्या काळी राजाच्या नावावर लिहिला जात असे, आणि निकाल आपल्या हाती नसताना जबाबदारी मात्र आपलीच, ही अवस्था दान-बीला चांगली ओळखीची आहे. म्हणून ते दोघे जवळ येतात. राजवाड्याच्या भव्यतेचा त्यात फारसा वाटा नाही.

मैथिली_सहस्रबुद्धे_नव्हे

राणीबद्दल कोणीच बोलले नाही, याचे नवल वाटते. सेजोंगची पत्नी सोहन राणी हिचे वडील सिम ओन यांना १४१८ मध्ये, सेजोंग गादीवर आला त्याच वर्षी, सेजोंगच्या वडिलांच्या आदेशावरून प्राण गमवावे लागले. माहेर असे उद्ध्वस्त झाल्यावरही ती राणीपदावर राहिली आणि त्या दांपत्याला आठ मुलगे व दोन मुली झाल्या. या नात्यात दुःख, अपराधभाव आणि सोबत यांचा केवढा गुंता असेल! मालिकेत ती खलनायिका होत नाही, हे मान्य. तरीही तरुण प्रेमाच्या वाटेवरील एक सोशिक, सुंदर उपस्थिती यापलीकडे तिला फारसे काही मिळत नाही. भाग दोनच असल्यामुळे प्रेम नेटके झाले असे अनाहूता म्हणतात. माझ्या मते त्या नेटकेपणाची किंमत राणीने मोजली आहे.

शेवंती

हा मुद्दा वजनदार आहे. तरीही प्रेमकथेत तिसऱ्या व्यक्तीला पूर्ण न्याय द्यायचा, तर कथा तिघांची करावी लागते आणि मग ती कोवळ्या प्रेमाची राहत नाही.

तर्कटराव

मग शेवटाबद्दलही बोलू या. ताटातूट झाल्यावर वर्तमानात त्याच चेहऱ्याचा तरुण समोर आणून ठेवणे, ही कोरियन कालप्रवास मालिकांची ठरलेली भरपाई आहे. राजाची भूमिका करणाऱ्या यून दू-जूनचा चेहरा पुन्हा दिसला याचा आनंद प्रेक्षकाला होतो, हे समजू शकते. पण दान-बीने ज्याला गणित शिकवले, तो हा माणूस नाही. पहिल्याच्या स्मृतीसह तिला एकटीला उभे राहू दिले असते, तर अनाहूता म्हणतात तो आत्मविश्वास खरोखर तिचा आहे, हे सिद्ध झाले असते.

अनाहूता

शेवटाविषयी आपल्याशी भांडणार नाही. ती वाहिनीच्या प्रेक्षकांना दिलेली खिरापत आहे आणि मीही ती हसत घेतली. मात्र तो तरुण भेटण्याआधीच दान-बी बदललेली आहे. ज्या विषयापासून ती पळाली त्याच्याकडे ती परत वळते तेव्हा तिच्या शेजारी कोणीही नसते, आणि आपण मागता तो पुरावा मला त्याच प्रसंगांत दिसतो. मैथिली यांचा राणीविषयीचा आक्षेप मात्र माझ्या युक्तिवादाने सुटत नाही. सोहन राणी मध्यवर्ती असलेली आणि इतकीच आटोपशीर मालिका कोणी पाहिली असल्यास येथे जरूर सुचवावी.