उत्क्रांती शिकवायला कडधान्यांचा खेळ: मुलांना खरंच कळतं, की तास मजेत जातो एवढंच?

खडूडस्टर:
नऊ वर्षं दहावीला विज्ञान शिकवतोय. राज्य मंडळाच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. मुलं अजून सुट्टीतून नीट परतलेली नसतात तेव्हा हा धडा येतो, आणि बहुतेक ठिकाणी वाचून, प्रश्नोत्तरं लिहून संपतो. यंदा मी तो जमिनीवर बसून शिकवला.

घरून जुनी गोधडी नेली, तपकिरी आणि हिरव्या लुगड्यांच्या तुकड्यांची. तिच्यावर मसूर, मूग, चवळी आणि पांढरे वाटाणे, प्रत्येकी २५ दाणे विखुरले. सहा मुलं पक्षी झाली. धावत यायचं, एकच दाणा उचलायचा, मागे जाऊन वाटीत टाकायचा. ७५ दाणे गेले की थांबायचं. उरलेल्या प्रत्येक दाण्याला त्याच्याच जातीची तीन पिल्लं. पहिल्या फेरीत उरले मसूर ११, मूग ९, चवळी ४, वाटाणा १. म्हणजे पुढची पिढी ४४, ३६, १६ आणि ४. तिसऱ्या फेरीनंतर वाटाणा औषधालाही उरला नाही.

दरवर्षी नैसर्गिक निवडीच्या (परिस्थितीत जे टिकतात, त्यांचीच पिल्लं वाढत जातात) उत्तरात मुलं लिहितात, ‘जिराफाने मान ताणली म्हणून ती लांब झाली.’ आयुष्यात कमावलेला बदल पिल्लांत उतरतो, ही लामार्कची कल्पना; ती नैसर्गिक निवड मांडणाऱ्या डार्विनच्या नावावर खपते. म्हणून विचारलं, ‘मसुराचा एक तरी दाणा गोधडीवर पडून जास्त तपकिरी झाला का?’ वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘दाणे तेच आहेत सर, गर्दी बदलली.’

इतक्या वर्षांत मला हे इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं. माझं मत आहे की हा भाग प्रत्येक शाळेत असाच शिकवावा.

दहावी_ब:
सर, कळकळ पोचली, पण मी असहमत आहे. माझ्या वर्गात ६८ मुलं आहेत. सहा पक्षी झाली तर बाकीच्या ६२ जणांनी काय करायचं?

गर्दीचं एक वेळ जमवता येईल. पण हा खेळ मी दोन वर्षं घेतला आणि आठवड्याने लेखी प्रश्न दिला, तेव्हा निम्म्या मुलांनी लिहिलं की पक्षी खायला लागले म्हणून दाण्यांनी लपायचा रंग घेतला. हात रमले, डोक्यातली समजूत तशीच राहिली. त्यात खेळातले चारही रंग शिक्षकांनी डब्यातून आणलेले. निसर्गात डबा घेऊन कोणी येत नाही. हे फरक मुळात आले कुठून? उत्परिवर्तन, म्हणजे जनुकांत अचानक होणारा बदल, कुठे आहे? पिल्लू आईसारखंच हुबेहूब का? निवड दिसते, पण जिच्यातून निवड होते ती विविधता आयती मिळते. अर्धीच गोष्ट रंगवून सांगितली की मुलं तिलाच पूर्ण समजतात.

गणितवाली:
मला वेगळीच शंका आहे. मसूर चपटा आणि बारीक, वाटाणा गोल आणि मोठा. घाईत चिमटीत काय आधी येणार? तुमचा मसूर रंगामुळे वाचला की आकारामुळे, हे या खेळातून सांगताच येणार नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर निष्कर्ष एकीच्या नावावर कसा टाकायचा? हे मुलांनीच विचारायला हवं होतं.

खडूडस्टर:
गणितवाली ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रविवारी घरी पुन्हा करून पाहिलं. या वेळी रंगीत कागदांच्या टिकल्या घेतल्या, पंच मशीनने पाडलेल्या, सगळ्या एकाच मापाच्या. गोधडीवर हिरव्या आणि तपकिरी टिकल्या उरल्या. तोच खेळ पांढऱ्या चादरीवर घेतला तर पांढऱ्याच उरल्या. कापड बदललं की जिंकणारा बदलतो, हे कडधान्यांत दिसलं नव्हतं.

दहावी_ब, उत्परिवर्तनाचा मुद्दा मान्य. दर पिढीला फासा टाकायचा, सहा पडले तर एका पिल्लाचा रंग बदलायचा, मग तो रंग कामाचा असो की घातक. पण खेळच सोडून द्यावा हे पटत नाही.

माळढोक:
टिकल्या ठीक आहेत, पण खऱ्या पक्ष्यांच्या मोजमापाशी गाठ घाला की. प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांपैकी डाफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे शास्त्रज्ञ जोडपं १९७३ पासून फिंच या चिमणीसारख्या पक्ष्यांच्या चोची मोजत होतं. १९७७ साली पाऊस पडला नाही. मऊ, बारीक बिया संपल्या आणि काटेरी, टणक फळं तेवढी उरली. त्यांतल्या मध्यम भूफिंच या जातीचे पक्षी सुमारे १२०० होते, ते १८० च्या आसपास आले. वाचलेल्यांत जाड चोचीचे जास्त, आणि त्यांच्या पिल्लांच्या चोचीही सरासरीने जाड. पुढे १९८३ ला धो धो पाऊस झाला, बारीक बिया मुबलक झाल्या आणि निवडीचं पारडं लहान चोचीकडे झुकलं.

ते काटेरी फळ कुठलं माहीत आहे? आपल्या सराट्याचा सख्खा भाऊबंद! माळावर अनवाणी चाललेल्या प्रत्येक पोराच्या पायात सराटा घुसलेला असतो. तो वर्गात आणा. कोणाला भुवया कोरायचा चिमटा द्या, कोणाला पक्कड, कोणाला आजीचा अडकित्ता. पाच मिनिटांत किती फुटतात, मोजा.

दहावी_ब:
सराट्याची गोष्ट सुंदर आहे, मी नक्की सांगेन. पण बघा, पुन्हा तीच गफलत. चिमटा आणि अडकित्ता यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. बेटावर सरासरी चोचीतला फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास होता. एवढ्याशा फरकाने जगणं-मरणं ठरतं, हाच तर सगळ्या गोष्टीचा गाभा! अवजारं दिली की मुलांना वाटतं, निवड राक्षसी फरकांवरच चालते. मी मुलांना चोचींच्या जाडीचे, दुष्काळाआधीचा आणि नंतरचा असे दोन स्तंभालेख वहीत काढायला लावीन. कंटाळवाणं आहे, पण ६८ जणांच्या हाताला काम आहे, आणि आलेख सरकलेला त्यांना स्वतःच्या वहीत दिसतो.

आईची_प्रयोगवही:
तुम्ही कसं शिकवायचं यावर भांडताय, माझ्या लेकीच्या पुस्तकात ते नव्हतंच. केंद्रीय मंडळाची शाळा. २०२३ मध्ये तिथली पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला, तेव्हा ती दहावीत होती. धड्याच्या नावातली ‘उत्क्रांती’ गेली, नुसती ‘आनुवंशिकता’ राहिली. बारावीच्या जीवशास्त्रात आहे, पण तिने वाणिज्य घेतलं. मग तिला हे कधी भेटणार? १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षकांनी त्या वेळी पत्रावर सह्या केल्या होत्या. मी स्वयंपाकघरातून राजमा आणि चवळी काढली आणि जेवणाच्या टेबलावर खेळले तिच्याबरोबर. अपुरं असेल, पण तिच्यापर्यंत पोचलं ते एवढंच.

खडूडस्टर:
ताई, हे वाचून गलबलून आलं.

दहावी_ब, आपण पडताळून पाहू. माझ्याकडे दोन तुकड्या आहेत. अ तुकडीला टिकल्या आणि फासा, ब तुकडीला तुमचे आलेख. प्रश्न तुम्ही काढा, खेळाशी संबंध नसलेला. आठवड्याने दोघांना तोच देतो आणि उत्तरं नावं झाकून तुमच्याकडे पाठवतो. तपासा तुम्हीच.

दहावी_ब:
चालेल. माझ्या वर्गातली निम्मी मुलं कापूसवाल्यांची आहेत, बोंडअळीला मारणारं विष झाडातच असलेला बीटी कापूस त्यांना माहीत आहे, म्हणून हा प्रश्न:

‘बीटी कापसावरची गुलाबी बोंडअळी पूर्वी मरत असे, आता अनेक ठिकाणी मरत नाही. असे का झाले ते पाच-सहा वाक्यांत लिहा. अळीला सवय झाली, असे लिहू नये.’

चार गुण. आणि उत्तरात ‘सवय’ आली, तर मी शून्य देणार, मग तुकडी कुठलीही असो.