वाय-फायच्या सिग्नलवरून झांकीच्या गर्दीचा अंदाज कसा बांधावा?

प्रश्न (राजवाडा परिसर, इंदूर)

सप्रेम नमस्कार. अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात निघणाऱ्या झांक्या (मिरवणुकीतील सजवलेले देखावे) पाहायला येणाऱ्या लोकांसाठी आमचे मंडळ राजवाड्याजवळ पिण्याच्या पाण्याची सोय करते. गेल्या वर्षी मध्यरात्रीनंतर, ऐन गर्दीत, पाणी संपले आणि कडेवर मुले घेऊन उभ्या असलेल्या बायांना नाही म्हणावे लागले. ती खंत मनातून जात नाही. यंदा कोणत्या वेळी किती माणसे असतात हे नीट कळावे, म्हणून ईएसपी३२चा (वाय-फायचे संदेश ऐकू शकणारी छोटी संगणकीय चिप) एक बोर्ड घेतला आणि जवळपासची वाय-फाय जाळी शोधण्यासाठी फोन जे संदेश सोडतात, त्यांतील निरनिराळे मॅक पत्ते (वाय-फाय यंत्राचा ओळखक्रमांक) मोजले. परंतु एका साध्या रविवारी संध्याकाळी तासाभरात भरलेला आकडा रस्त्यावरील माणसांच्या कितीतरी पट निघाला. चूक कोठे होत असावी?

उत्तर १

चूक बोर्डाची नाही. पूर्वी प्रत्येक फोनचा ४८ बिटांचा पत्ता कायम असे आणि शोधसंदेशात तोच जात असे, त्यामुळे पत्ते मोजले की फोन मोजल्यासारखे होई. २०१४ साली आयओएस ८ ही ॲपलच्या फोनची प्रणाली आली तेव्हापासून ॲपलचे फोन शोध घेताना बनावट, बदलता पत्ता वापरू लागले आणि पुढे अँड्रॉइडनेही तीच वाट धरली. त्यामुळे तुमच्या समोरून गेलेला एकच फोन तासाभरात अनेक पत्त्यांनी नोंदला गेला असणार. असा पत्ता ओळखणे सोपे आहे : षोडशमान पद्धतीने (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांनी) लिहिल्यावर त्याचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असतो. मात्र हे सारे पत्ते वगळले, तर आजकालचे बहुतेक फोनच वगळले जातील.

म्हणून तासाभराची बेरीज करू नका. एकेका मिनिटात किती निरनिराळे पत्ते ऐकू आले तेवढेच नोंदवा, आणि फार क्षीण सिग्नल सोडून द्या, म्हणजे वरच्या मजल्यांवरील घरे व मागच्या गल्लीतील दुकाने गणतीत येणार नाहीत. रात्रभर एका जागी राहणारे कायम पत्ते बहुधा दुकानांतील यंत्रांचे असतात. तेही काढून टाका.

उत्तर २

वरील सूचनेत एक भर घालावीशी वाटते, कारण माझ्या मते खरे काम तेथेच आहे. मिनिटाचा आकडा म्हणजे माणसांची संख्या नव्हे. खिशात स्क्रीन बंद असलेला फोन क्वचितच शोध घेतो, हातात धरलेला अधिक वेळा घेतो, आणि झांकी समोर आली की सगळ्यांचेच फोन चित्रीकरणासाठी बाहेर येतात. तेवढ्याने माणसे वाढलेली नसतात. उलट, मानवी शरीरातील पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेते, त्यामुळे गर्दी दाटली की दूरचे फोन ऐकूच येत नाहीत आणि जेव्हा अचूक आकडा हवा तेव्हाच तो कमी येतो. बोर्ड डोक्यांच्या बराच वर, गॅलरीच्या उंचीवर लावा.

शिवाय रात्रीतून चार-पाच वेळा हाताने मोजणी करा. पत्रकारितेचे प्राध्यापक हर्बर्ट जेकब्स यांनी १९६०च्या दशकात अमेरिकेतील बर्कलीत मांडलेली रीत आजही उपयोगी आहे : जागेचे चौकोन पाडायचे, विरळ गर्दीत माणशी सुमारे १० चौरस फूट आणि दाट गर्दीत सुमारे ४.५ चौरस फूट धरायचे. ही मोजणी व त्याच मिनिटांतील पत्ते यांचे गुणोत्तर काढा. विरळ आणि दाट गर्दीचे गुणोत्तर निरनिराळे ठेवा, सरासरी काढू नका.

उत्तर ३

पत्ते साठवू नयेत, एवढी कळकळीची विनंती. हॅश करून (गणिती सूत्राने सांकेतिक रूप देऊन) ठेवले तरी ते सुरक्षित होत नाहीत, कारण कायम पत्त्याचे पहिले २४ बिट सहसा उत्पादकाचे असतात आणि उरलेल्या शक्यता संगणक सहज तपासतो. मिनिट संपले की फक्त संख्या ठेवा आणि पत्ते पुसा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाण्यासाठी मला एकूण माणसे नकोतच, गर्दी केव्हा वाढते आणि केव्हा ओसरते एवढेच हवे, हे आता लक्षात आले. बोर्ड समोरच्या गॅलरीत लावण्याची परवानगी मागितली आहे, आमच्या पाणपोईसमोरील रस्त्याचे माप उद्या सकाळी घेतो आणि हाताने मोजणीसाठी मंडळातील दोन मुले रात्री १०, १२, २ व ४ वाजता उभी राहतील. आकडे येथेच मांडीन.