मदत हवी आहे: मेव्हन बदलल्यापासून बिल्ड अडतंय

नमस्कार मंडळी, दोन दिवस अडकलोय. जुन्या प्रोजेक्टसाठी मेव्हन (जावा प्रोजेक्ट बिल्ड करायचं टूल) ३.६.३ वरून ३.८.८ वर गेलो आणि बिल्ड फेल व्हायला लागलं. एररमध्ये 'मेव्हन-डिफॉल्ट-एचटीटीपी-ब्लॉकर' आणि ०.०.०.० हा पत्ता दिसतो. ३.८.१ पासून साध्या एचटीटीपीवरच्या बाहेरच्या रिपॉझिटरी (लायब्ररी जिथून उतरतात ते सर्व्हर) अडवल्या जातात, एवढं कळलं. पण माझ्या पॉममध्ये (प्रोजेक्टची pom.xml फाइल) आणि सेटिंग्जमध्ये सगळीकडे एचटीटीपीएसच आहे! बहुधा एखाद्या डिपेंडन्सीच्या (प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्ररीच्या) पॉममधून जुना एचटीटीपी पत्ता येतोय. इफेक्टिव्ह पॉममध्ये (मेव्हन सगळं एकत्र करून दाखवतं ते अंतिम पॉम) तो सापडला नाही. लोकल रिपॉझिटरी (माझ्या मशीनवरचा साठा) पुसून पाहिली, तर आधी उतरवलेले जारही (लायब्ररीच्या फाइली) गेले. ब्लॉकर बंद करायचा नाहीये, तो सुरक्षेसाठीच आहे. नेमकी कोणती डिपेंडन्सी हा पत्ता आणते, कसं शोधू? आणि सेटिंग्जमध्ये एचटीटीपीएसचा मिरर (त्या रिपॉझिटरीऐवजी वापरायचा पत्ता) लावताना 'मिररऑफ'मध्ये कुठला आयडी द्यायचा? सोमवारी रिलीज आहे.