क्रोशाची शाल 'विणायची' की आणखी काही?

डोंबिवली
गेल्या आठवड्यात क्रोशावर शाल सुरू केली. चार मिलिमीटरची सुई, मोरपंखी लोकर, मानेच्या मध्यापासून दोन्हीकडे वाढत जाणारा त्रिकोण. घरच्या ग्रुपवर लिहिलं, 'न्यू क्रोशे प्रोजेक्ट, खूप रिलॅक्सिंग!' मामींनी लगेच विचारलं, 'हे मराठीत कसं म्हणशील गं?' मी लिहिलं, 'विश्रांतीदायक नवीन प्रकल्प.' नवरा शेजारीच बसला होता. म्हणाला, 'विस्थापितांचं पुनर्वसन कुठे करणार?'
तर 'प्रोजेक्ट'ला काय म्हणू, 'रिलॅक्सिंग'ला काय म्हणू? आणि मामींच्या मते विणणं फक्त दोन सुयांवर होतं, क्रोशा 'करतात'. बरोबर आहे का?

नाशिक
रिलॅक्सिंगला 'विरंगुळा' आहे की! विश्रांतीसाठी हातातलं काम खाली ठेवावं लागतं. विसावा म्हणजे वाटेत घटकाभर टेकणं. विरंगुळा मात्र काहीतरी करता करता मिळतो, त्यात जीव रमतो. क्रोशाला हाच शब्द शोभतो.
प्रोजेक्टसाठी नाम शोधूच नका. आमची आई शेजारणीला विचारायची, 'सध्या सुईवर काय आहे?' शेजारीण सांगायची, 'नातवाचं टोपरं घेतलंय विणायला.' त्या 'घेतलंय'मध्ये तुमचा अख्खा प्रोजेक्ट आला. काम सुरू आहे, संपलेलं नाही, आणि आपण होऊन अंगावर घेतलंय.

सांगोला
मामींची बाजू घेतो. विणायचं तर ताणा हवा, बाणा हवा, माग हवा. आमच्याकडे सणगर घोंगडी विणतात. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, मग उभ्या धाग्यांतून आडवा धागा जातो. क्रोशात एकच धागा स्वतःच्याच फासातून ओढत राहायचा. त्याला फार तर गुंफणं म्हणा.

पुणे
दादा, मग खाटेचं काय? बाज विणतात, टोपली विणतात, वेताची खुर्ची विणतात. कोळी जाळं विणतो, आठ पायांचाही आणि होडीतलाही, आणि माग दोघांकडेही नाही. मराठीत 'विणणे' खूप ऐसपैस आहे. धागा धाग्यात अडकवून सलग काहीतरी उभं केलं की झालं. गुंफायच्या वेण्या आणि हार, ओवायचे मणी.
जाता जाता, 'वीण' दीर्घ पण 'विणणे', 'विणकाम' ऱ्हस्व. मूळ प्रश्नात बरोबर लिहिलंय, म्हणून कौतुक.

सांगोला
होडीतला कोळी मान्य. बाजही मान्य. घोंगडीचा मान तेवढा वेगळा ठेवा.

सातारा
माझी शंका दुसरीच. क्रोशाच्या सुईला सुई का म्हणायचं? तिला नेढं कुठे असतं? टोकाला आकडा असतो. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थही 'छोटा आकडा' असाच आहे. म्हणजे 'क्रोशाची सुई' हे 'आकड्याची सुई' झालं.

नाशिक
स्वेटरच्या सुयांना तरी कुठे नेढं असतं? दुकानात जाऊन 'आकडा द्या' म्हणून बघा, कॅलेंडर हातात देतील.

सातारा
हरलो. आमच्याकडे नेढं म्हटलं की रतनगड किल्ल्याच्या कातळातलं आरपार भोकच आठवतं. त्यातून दोरा ओवायला माणूसही तेवढाच मोठा लागेल.

इंदूर
लोकरीवरून आमच्या घरातली गोष्ट. इथे हिंदीत लोकरीला 'ऊन' म्हणतात. पुण्याहून मावशी आली होती. दुकानदार म्हणाला, 'बढ़िया ऊन आया है.' मावशी म्हणाली, 'हो ना, पावसानंतर आज पहिल्यांदाच!'
दोन्ही शब्द वेगळ्या वाटेने आलेत. आपलं ऊन 'उष्ण'वरून, त्यांचं संस्कृत 'ऊर्णा'वरून. इंग्रजी 'वूल'चं मूळही त्या ऊर्णेशीच जुळतं. आणि संस्कृतात आठ पायांच्या कोळ्याला म्हणतात ऊर्णनाभ, म्हणजे ज्याच्या बेंबीत लोकर आहे तो. पुणेकर म्हणतात तसा तो विणकर ठरतोच.

कोल्हापूर
आता खरी शब्दसंपत्ती सांगते. मी रुखवताचे रुमाल केलेत, दाराची तोरणं केलीत, तांब्यावर घालायची मणी लावलेली झाकणंही केलीत. आम्ही शिकलो ते साखळी, मुका खांब, खांब अशा नावांनी. सुईवर आधी वेढा न घेता टाका घातला तर तो मुका खांब, बुटका आणि घट्ट. एक वेढा घेऊन घातला की खांब, उंच आणि मोकळा. नाव ऐकूनच डोळ्यांसमोर उभा राहतो.
इंग्रजी नमुन्यांवरून करणाऱ्यांना विचारा! आपल्या मुक्या खांबाला अमेरिकेत 'सिंगल' म्हणतात आणि ब्रिटनमध्ये 'डबल'. आपला साधा खांब अमेरिकेत 'डबल', ब्रिटनमध्ये 'ट्रेबल'. नमुना कुठला हे न बघता मी एकदा शाल केली. ती इतकी लांब आणि विरविरीत झाली की शेवटी दुधीच्या वेलाला बांधली. डोंबिवलीच्या ताई, तुमचा नमुना कुठला आहे ते आधी बघा.
आणखी एक जोडी जपून ठेवण्यासारखी आहे. क्रोशा सुरू होतो सुरगाठीने, म्हणजे ओढली की सरकणारी. संपतो निरगाठीने, न सुटणारी. हल्ली व्हिडिओत दोन्हींना नुसतंच 'नॉट' म्हणतात आणि मुली सुरुवातीलाच निरगाठ मारून बसतात.

सातारा
चुकलं तर काय म्हणायचं? उसवणं तर शिवणीचं ना?

कोल्हापूर
शिवण उसवते, स्वेटरही उसवतो. पण शिवण उसवताना एकेक टाका कापावा लागतो. क्रोशाचा दोरा ओढला की सरसर सगळं सुटत जातं. त्याला आम्ही 'ओढून काढणं' म्हणतो. दोन दिवसांचं काम दोन मिनिटांत ओढून काढता येतं, पण हात होत नाही. आणि सुटलेली लोकर लगेच गुंड्यावर गुंडाळा, नाहीतर गुंता झालाच.

इंदूर
आणि अर्धवट राहून कपाटात पडलेल्या कामाला काय म्हणायचं?

सांगोला
भिजत घोंगडं! हे माझ्याच गावच्या मालावरून आलंय. भिजलेलं घोंगडं जड होतं, वाळता वाळत नाही, आणि तोवर कुणाच्या उपयोगाचं नसतं.

डोंबिवली
सगळ्यांचे आभार. नमुना अमेरिकन निघाला, वाचले. मामींना लिहिलं, 'क्रोशाची शाल घेतलीय विणायला, छान विरंगुळा आहे.' त्यांचं उत्तर: 'वा! मागच्या हिवाळ्यात मामांसाठी घेतलेला मफलर कुठवर आलाय?'

पुणे
याला मात्र शब्द तयार आहे. शालजोडीतला!