'फेल रेस'ला मराठीत काय म्हणावं?

बाराखडी:
माझी मामेबहीण इंग्लंडमध्ये डर्बीशरला असते. तिथे जूनमध्ये संध्याकाळी झालेल्या एका 'फेल रेस'मध्ये, म्हणजे डोंगरावर धावण्याच्या शर्यतीत, ती धावली. त्यावर तिने इंग्रजीत चार पानं लिहिलीत आणि ती मी आमच्या मंडळाच्या अंकासाठी मराठीत आणतेय. 'फेल' तसंच ठेवलं तर वाचकांना वाटेल बाई नापास झाली. 'डोंगर शर्यत' बरं वाटतं का? 'मूर' आणि 'ट्रॉड' हेही अडलेत. मूरला मी सध्या 'माळरान' लिहिलंय.

सडेकर:
माळरान म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? कुसळं, दगडगोटे, एखादी बाभळ. सगळं कोरडं. मूर तसा नसतो. आमच्या कोकणातला सडा दिसायला त्याच्या जवळचा, उघडा, सपाट, वारा खाणारा. पण सड्यावर जुलैत पाणी साचलं तरी पायाखाली जांभा असतो, पाय रुतत नाही.

पळपुटा (मुक्काम मँचेस्टर):
रुततो, आणि कधी मांडीपर्यंत! मी तिकडे धावतो, म्हणून जरा लांबण लावतो.

पेनाइन डोंगरांच्या माथ्यावर, म्हणजे किंडर स्काउट (६३६ मीटर) किंवा ब्लीकलोसारख्या ठिकाणी, 'पीट' नावाचा काळा थर असतो. पाऊस भरपूर, निचरा कमी. पाण्याखाली हवा पोचत नाही, त्यामुळे शेवाळ आणि गवत पुरतं कुजत नाही आणि हजारो वर्षं साचत राहतं. पाण्याने त्यात ओहोळ कापले जातात, काही माणसापेक्षा खोल. त्यांना सरळ 'घळी' म्हणा. वर हेदरची झुडपं, उतारावर नेच्याचं रान. म्हणून मूरला 'पाणथळ माळ' म्हणावं असं माझं मत. शेतकऱ्यांचा 'चिबड' हा शब्द चिखलाच्या एखाद्या वाक्यात सुरेख बसेल, पण सबंध मूरला नको.

आता 'फेल'. शब्द जुन्या नॉर्स भाषेतला. नॉर्वेत आजही डोंगराला 'फ्येल'च म्हणतात. पण उत्तर इंग्लंडच्या मेंढपाळाच्या तोंडी फेल म्हणजे नुसतं शिखर नाही. शेताचा शेवटचा दगडी बांध ओलांडला की वर जे सामाईक चराईचं मोकळं रान लागतं, तेही फेलच. आपल्या गायरानाच्या जवळ जाणारी कल्पना. आणि या शर्यती जत्रांतून वाढल्या. तिकडच्याच ग्रासमिअर गावच्या जत्रेत एकोणिसाव्या शतकापासून समोरच्या कड्यावर चढून परत धावत येण्याची शर्यत होते, आणि त्याच मैदानात कुस्त्याही. हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

बाराखडी:
मग 'गायरान शर्यत'? 😄

पळपुटा:
नको, त्यात गुरं धावतील. 'डोंगरधाव' चालेल.

ढोरवाट:
'डोंगरधाव'ला माझी हरकत आहे. आपल्याकडे साताऱ्याची हिल मॅरेथॉन आहे, यवतेश्वरचा घाट चढते. लोक तीच समजतील. ती डांबरी रस्त्यावरची.

पळपुटा:
हरकत रास्त. म्हणून पहिल्याच परिच्छेदात फरक सांगून टाका. फेल रनर्स असोसिएशन, स्थापना १९७०, शर्यतींचे अ, ब, क असे वर्ग करते. 'अ' वर्गात किलोमीटरमागे सरासरी किमान ५० मीटर चढ लागतो आणि रस्त्यावरचा भाग २० टक्क्यांहून जास्त चालत नाही. शिवाय बऱ्याच शर्यतींत खुणाच नसतात. ठरलेल्या ठाण्यांना हजेरी लावायची, मधली वाट तुमची तुम्ही शोधायची. नकाशा, होकायंत्र, शिट्टी, पावसाळी जाकीट बहुतेक वेळा कमरेच्या पिशवीत ठेवावंच लागतं. धुकं उतरलं की सरळ चकवा लागतो.

ढोरवाट:
ट्रॉड म्हणजे मेंढ्यांच्या पायांनी पडलेली बारीक वाट ना? मग माझं नावच उचला. सह्याद्रीतले भटके दुसरा शब्द वापरत नाहीत. उतारावर सुटे दगड असतील तर 'घसारा', तोही फुकट घ्या.

बाराखडी:
घेतले दोन्ही. अजून एक. शर्यत साडेसातला सुटली. मी 'तिन्हीसांजेला सगळे सुटले' असं लिहिलंय.

सडेकर:
काढा ते. तिन्हीसांज म्हणजे दिवेलागणीची वेळ. जूनच्या अखेरीस तिकडे सूर्य मावळतो साडेनऊनंतर.

पळपुटा:
बरोबर. साडेसातला उन्हं तोंडावर असतात. कामावरून यायचं, कपडे बदलायचे, दोन-चार पौंड भरून छातीवर क्रमांक लावायचा, अशी ही आठवड्यामधली शर्यत. 'ऑफिस सुटल्यावर' लिहिलंत तर घड्याळापेक्षा लवकर कळेल.

बाराखडी:
शेवटचं. तिच्यासोबतची एक जण 'रिटायर' झाली. 'निवृत्त' अर्थातच नाही. 'मध्येच सोडली' लिहू?

पळपुटा:
'माघार घेतली' लिहा, आणि तिने ते संयोजकांना कळवलं असेल तर तेही वाक्य गाळू नका. शर्यत सोडली तरी सांगावंच लागतं, तसा नियम आहे. न सांगता गाडीत बसून घरी गेलात, तर मोजणीत एक डोकं कमी भरतं आणि बचावपथक रात्री माळावर तुम्हाला शोधत फिरतं.