पैसे भरून मिळणारे ‘गुणवंत विद्यार्थी’ सदस्यत्व प्रवेश अर्जात उपयोगी पडते का?

अनुजा_एडिसन: नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि मुलगी अकरावीत आहे. तिच्या नावाने सोनेरी शिक्क्याचे पत्र आले असून, देशभरातील गुणवंतांच्या यादीत नाव घालण्यासाठी ९० डॉलर मागितले आहेत. कॉलेजच्या अर्जात याचा उपयोग होतो का? १०० डॉलरपेक्षा जास्त खर्च करायचा नाही.

विनय_डॅलस: आम्ही मुलासाठी असेच पैसे भरले होते आणि त्याला पहिल्या पसंतीच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. अवश्य भरा.

मंजिरी_त: विनय, प्रवेश त्या यादीमुळेच मिळाला हे कशावरून? कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक प्रवेश अर्जात, सन्मानांसाठी जेमतेम ५ जागा असतात आणि प्रत्येक नोंद १०० अक्षरचिन्हांत बसवावी लागते. तिथे पैसे देऊन घेतलेले नाव लिहिले, तर शाळेत किंवा स्पर्धेत खरोखर मिळवलेल्या एखाद्या गोष्टीची जागा जाते. ‘हूज हू अमंग अमेरिकन हायस्कूल स्टुडंट्स’ हा गुणवंत विद्यार्थ्यांच्या नावांचा जाडजूड वार्षिक ग्रंथ आठवतो का? नाव छापायला पैसे लागत नसत, पण तो विकत घेत ती प्रामुख्याने त्यात नाव आलेल्या मुलांची कुटुंबेच. २००७ नंतर तो बंद पडला.

रविकाका_शिकागो: यादीबिदी सोडा. नातीला आम्ही एका नामवंत विद्यापीठाच्या आवारातील उन्हाळी शिबिराला पाठवले. ६००० डॉलर गेले, पण पोरगी आत्मविश्वासाने बोलू लागली. तुम्हीही तेच करा.

मंजिरी_त: काका, त्यांनी १०० डॉलरची मर्यादा स्पष्ट सांगितली आहे. शिवाय पैसे भरेल त्याला प्रवेश देणारे शिबिर विद्यापीठाच्या आवारात भरले, म्हणून ते विद्यापीठाने केलेली निवड ठरत नाही.

केदार_बे_एरिया: माझ्या मते नॅशनल ऑनर सोसायटीसुद्धा याच माळेतली आहे.

स्वाती_समुपदेशक: केदार, हे बरोबर नाही. ती संस्था १९२१ पासून शाळांमधील शाखांमार्फत चालते, आणि गुणांबरोबर सेवा, नेतृत्व व चारित्र्य पाहून शाळेतील शिक्षकच निवड करतात. घरी आलेल्या पत्राला धनादेश जोडून तिचे सदस्य होता येत नाही. अनुजा, कोणत्याही सन्मानाबाबत दोन गोष्टी विचारा: निवड कोणी आणि कशाच्या आधारे केली, आणि पैसे भरले नाहीत तर तो सन्मान उरतो का. नॅशनल मेरिट या देशपातळीवरील शिष्यवृत्ती स्पर्धेसाठी अकरावीत दिलेल्या पीएसएटी या परीक्षेचे गुण धरतात. तिथे नाव आले तर ते नक्की लिहा. मुलीने शाळेत एखादी प्रश्नावली भरली होती का, हेही विचारा, कारण अशा पत्रांसाठी पत्ते बरेचदा तिथूनच जातात.

विनय_डॅलस: तरीही ९० डॉलर म्हणजे फार नाहीत.

अनुजा_एडिसन: सर्वांचे आभार. साताऱ्याला सासऱ्यांना फोनवर पत्राचे सांगितले, तेव्हा त्यांना फार आनंद झाला आणि प्रमाणपत्र चौकटीत लावायचे म्हणाले, म्हणून आम्ही पैसे भरत आहोत. अर्जात मात्र त्याचा उल्लेख करणार नाही. स्वातीताई, तिने राज्य पातळीवरील गणित स्पर्धेत आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात बक्षिसे मिळवली आहेत. त्यांतले आधी कोणते लिहावे?